माल परत आला, आता काय? छोट्या कारखान्यांतली गुणवत्ता आणि ग्राहकाचं समाधान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव. एमआयडीसी कुठलीही असो, सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या मनात प्रश्न साधारण तेच असतात. माझी बरीच वर्षं इन्स्पेक्शन टेबलामागे गेली आणि नंतर अशाच कारखान्यांना मदत करण्यात. वाहन कंपन्यांना किंवा त्यांच्या मोठ्या पुरवठादारांना माल देणारी मशीनशॉप आणि फाउंड्री डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. पंप, व्हॉल्व्ह किंवा शेती अवजारांचे भाग बनवणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आयएसओ ९००१ घेतलं की ग्राहक समाधानी होतो का?

नाही. आयएसओ ९००१ हे कारखाना कसा चालवायचा याचं मानक आहे, तुमच्या बुशचा (नळीसारख्या सुट्या भागाचा) आतला व्यास बरोबर आहे याची हमी नव्हे. सर्टिफिकेटमुळे ग्राहकाच्या दारात प्रवेश मिळतो. आत टिकायचं की नाही हे माल ठरवतो.

पण म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. २०१५च्या आवृत्तीत ९.१.२ हे कलम फक्त ग्राहकाच्या समाधानावर आहे. आपल्या गरजा आणि अपेक्षा कितपत पूर्ण झाल्या असं ग्राहकाला वाटतं, यावर तुम्ही लक्ष ठेवायचं, असं ते सांगतं. ‘आम्हाला वाटतं माल चांगला आहे’ हे त्यात बसत नाही.

याच आवृत्तीने जाडजूड क्वालिटी मॅन्युअलची आणि ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ नेमण्याची सक्ती काढून टाकली. तरी आजही सल्लागार दीडशे पानांची फाइल हातात देतात. फक्त टर्निंगचं जॉबवर्क करणाऱ्या एका शॉपच्या मॅन्युअलमध्ये डिझाइन विभागाची कार्यपद्धती मी वाचली आहे. त्या शॉपमध्ये डिझाइन कधीच झालं नव्हतं. असे कागद कारखान्याचं नुकसान करतात. कारण गुणवत्ता म्हणजे ऑडिटच्या आदल्या रात्री भरायचे रकाने, असं कामगार त्यातूनच शिकतो.

सर्टिफिकेट खरं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही सर्टिफिकेट देत नाही. ते सर्टिफिकेशन संस्था देतात आणि त्या संस्थांना मान्यता देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. भारतात ही मान्यता एनएबीसीबी देते. तिचा किंवा तिच्यासारख्या परदेशी मान्यता-संस्थेचा लोगो सर्टिफिकेटवर आहे का ते पाहा. ‘आयएएफ सर्टसर्च’ या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून पडताळताही येतं. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि मधल्या काळात दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट होतं. ऑडिटर शॉपमध्ये न येताच आठवड्याभरात सर्टिफिकेट हातात देणारा माणूस भेटला, तर पैसे वाचवा.

आयएटीएफ १६९४९ आम्हाला लागेल का?

ग्राहक मागत असेल तर लागेल. २०१६ साली आलेलं हे वाहन उद्योगाचं मानक आयएसओ ९००१च्या पायावर उभं आहे. वाहनात बसणारा भाग किंवा त्यावरची प्रक्रिया जिथे होते, अशाच कारखान्याला ते मिळतं. ग्राहकाने मागितलं नसेल तर आधी ९००१ नीट मुरू द्या.

ग्राहकाचं समाधान मोजायचं कसं? आम्ही वर्षातून एकदा फॉर्म भरून घेतो.

तो फॉर्म बहुतेक वेळा तुमच्या ओळखीचा परचेसवाला भरतो. ‘उत्तम’, ‘उत्तम’, ‘चांगला’ अशा खुणा करतो आणि परत देतो. रात्रपाळीत तुमचा पार्ट फिक्स्चरमध्ये (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यात) बसत नाही म्हणून हातोडी उचलणारा असेंब्लीचा ऑपरेटर त्या फॉर्मच्या जवळपासही नसतो.

मोजण्यासारख्या खऱ्या गोष्टी आयएटीएफने नावानिशी दिल्या आहेत : पोचलेल्या मालाची गुणवत्ता, तुमच्यामुळे ग्राहकाच्या कामात आलेला व्यत्यय, बाजारातून परत आलेला माल आणि वॉरंटी, ठरल्या वेळेला झालेली डिलिव्हरी (उशीर झाला म्हणून जास्त भाडं देऊन पाठवलेल्या गाड्या यातच धरायच्या), आणि ग्राहकाने गुणवत्ता किंवा डिलिव्हरीबाबत दिलेल्या सूचना. यासाठी सर्टिफिकेट असण्याची गरज नाही. एका फळ्यावर दर महिन्याला हे पाच आकडे लिहिले तरी चित्र दिसायला लागतं.

माझ्या मते सर्वांत चांगलं मोजमाप म्हणजे तुमच्या माणसाने महिन्यातून एकदा ग्राहकाच्या लाइनवर जाऊन तासभर उभं राहणं. तुमच्या क्रेटमधून पार्ट काढताना ऑपरेटर काय करतो ते पाहायचं. तो पार्ट पुसून घेतो का? बाजूला ठेवतो का? बर (धातूची राहिलेली धारदार कड) लागू नये म्हणून हातमोजे घालतो का? यांतल्या कशाचीच लेखी तक्रार कधी येत नाही.

तक्रार येत नाही म्हणजे ग्राहक खूश आहे, असं धरायचं का?

धरू नका. ग्राहक दुसरा व्हेंडर तयार करत असेल तर तो तक्रार करणंही थांबवतो. ऑर्डर हळूहळू कमी होत असतील आणि मेलबॉक्स शांत असेल, तर त्याच दिवशी जाऊन भेटा.

पीपीएम म्हणजे काय आणि तो कसा काढतात?

दहा लाख पार्टमागे सदोष पार्ट किती, हा तो आकडा. महिन्यात ४०,००० पार्ट पाठवले आणि १२ परत आले, तर १२ भागिले ४०,००० गुणिले १०,००,००० म्हणजे ३०० पीपीएम. थोडा माल पाठवणाऱ्याचा आकडा एका पार्टनेही फुगतो. ५०० पार्टमध्ये एक रिजेक्ट झाला की थेट २,००० पीपीएम. म्हणून लहान लॉट देणाऱ्यांनी पीपीएमच्या जोडीला तक्रारींची संख्याही मोजावी आणि ग्राहकाशी बोलताना दोन्ही समोर ठेवावेत.

ग्राहकाच्या लाइनवर आमचा माल रिजेक्ट झाला आणि फोन आला. पहिल्या दिवशी काय करायचं?

‘असं होऊच शकत नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. कुठला पार्ट, किती नग, कुठल्या बॅचचे, दोष काय, आणि लाइन थांबली आहे का, एवढं विचारा. फोटो मागवा. माणूस किती वाजता पोचेल ते सांगा आणि तो त्या वेळेला पोचवाच.

त्यानंतरचं काम माल अडवण्याचं. इथली माझी स्वतःची चूक सांगतो. एका बुशच्या ६०० नगांच्या लॉटमध्ये आतलं चॅम्फर (कडेला दिलेला तिरका उतार) नसलेले तीन नग ग्राहकाला सापडले. क्वालिटीची जबाबदारी माझ्याकडे होती. मी दोन माणसं पाठवली, ग्राहकाच्या रॅकवरचा सगळा माल सॉर्ट करून घेतला, चांगला माल वेगळा करून दिला. लाइन सुरू झाली, मीही निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी तोच दोष पुन्हा निघाला. त्याच मशीनवरून त्याच पाळीत निघालेले काही नग हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पडून होते. ते तिथून आले, पॅक झाले आणि गेले. ग्राहकाच्या क्वालिटी इंजिनिअरने आवाज चढवला नाही. ‘तुम्ही शोधलंच नाही का?’ एवढंच त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या तीन नगांसाठी त्याने आम्हाला समजून घेतलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर वर्षभर आमचा प्रत्येक लॉट तो उघडून पाहत होता.

तेव्हापासून माल कुठे कुठे असू शकतो याची यादी माझ्यापाशी असते : ग्राहकाची लाइन, ग्राहकाचं स्टोअर, वाटेतला टेम्पो, आपलं डिस्पॅच, पॅकिंग टेबल, मशीनशेजारचे क्रेट, रिवर्कचा कोपरा, हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंगवाला. प्रत्येक जागेपुढे किती नग मिळाले आणि कुणी तपासले हे लिहायचं. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. माल नसेल तर शून्य लिहा, कारण शून्य लिहिण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन पाहिलेलं असतं.

तपासलेल्या मालावर ग्राहकाशी ठरवून खूण करा. कुठल्या चलनापासून पुढचा माल तपासलेला आहे, हे त्याच दिवशी लेखी कळवा.

एट-डी रिपोर्टमध्ये ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’ असं लिहिलं की ग्राहक रिपोर्ट परत पाठवतो. मग लिहायचं काय?

तो परत पाठवतो हे बरोबरच आहे. एट-डी ही फोर्ड कंपनीने १९८७च्या सुमारास रूढ केलेली, दोष मुळापासून काढण्याची आठ पायऱ्यांची पद्धत. टीम ठरवणं, दोष नेमका मांडणं, तात्पुरता बांध घालणं, मूळ कारण, कायमचा उपाय निवडणं, तो लागू करणं, पुन्हा होऊ नये याची व्यवस्था आणि शेवटी टीमचं कौतुक. यातली तिसरी पायरी सगळे करतात, चौथी मात्र टेबलावर बसून लिहून काढतात.

वरच्याच चॅम्फरचं उदाहरण घ्या. चॅम्फर का नव्हतं? कारण ते ऑपरेशन झालंच नाही. का झालं नाही? सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर) टूल तुटल्यावर सेटरने टूल बदललं, पण प्रोग्राम मधूनच सुरू केला, तो चॅम्फरच्या ओळीच्या पुढून. असं का करता आलं? कारण टूल बदलल्यावर प्रोग्राम कुठून सुरू करायचा हे कुठेच ठरलेलं नव्हतं. मशीनमध्ये असलेला नग पुरा करून बाजूला ठेवायचा, हेही नव्हतं. इथे ऑपरेटरला दोष देऊन थांबलो असतो, तर पुढचं टूल तुटेपर्यंतच निभावलं असतं.

आणि दुसरी का-का साखळी बहुतेक लोक विसरतात : दोष का झाला, याच्याबरोबर तो आपल्या तपासणीतून का निसटला? आमचं प्लग गेज (भोकात घालून पाहायचं माप) व्यास तपासत होतं. चॅम्फर आहे की नाही, हे सांगण्याची सोयच त्याच्यात नव्हती. उपाय दोन निघाले. टूल बदलानंतरचा पहिला नग लाल ट्रेमध्ये आणि त्याची पूर्ण तपासणी, हा एक. पुढच्या ऑपरेशनच्या फिक्स्चरची पिन अशी बदलली की चॅम्फर नसलेला नग त्यावर बसतच नाही, हा दुसरा. जपानी मंडळी याला पोका-योके म्हणतात. ही पिन शॉपमधल्याच फिटरने एका दुपारी करून दिली.

ट्रेनिंग वाईट नाही. पण माणसाने लक्षात ठेवावं यावर जो उपाय उभा आहे, तो रात्री तीन वाजता टिकत नाही.

मग शंभर टक्के तपासणी केली तर सगळेच प्रश्न सुटतील ना?

सुटणार नाहीत. पाचशेवा नग पाहताना डोळा पहिल्यासारखा पाहत नाही. तात्पुरता बांध म्हणून शंभर टक्के तपासणी योग्य आहे, पण ती सहा महिने चालूच असेल तर मूळ कारण सापडलेलं नाही असं समजा.

आमचे सगळे पार्ट टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) आहेत. तरी ग्राहक सीपीके का मागतो?

कारण त्याला तुम्ही मोजलेल्या ५० नगांपेक्षा न मोजलेल्या हजारो नगांची काळजी आहे. तुमचं काम मर्यादेच्या किती आत राहतं, हे सीपीके सांगतो. उदाहरणाने पाहू. शाफ्टचा व्यास २५ मिमी, अधिक-उणे ०.०२. म्हणजे एकूण टॉलरन्स ०.०४ मिमी. मशीनवरच्या नगांचा फैलाव, म्हणजे सिग्मा, ०.००५ आहे. सीपी, म्हणजे टॉलरन्सच्या मानाने मशीनची कुवत, काढायचा तर ०.०४ भागिले सहा सिग्मा, म्हणजे ०.०३. उत्तर १.३३. मशीनची कुवत ठीक आहे.

आता टूल झिजतं. बाहेरचा व्यास टर्न करताना टूल झिजलं की व्यास वाढत जातो. सरासरी २५.००५ वर सरकली. वरच्या मर्यादेपर्यंत उरले ०.०१५, म्हणजे तीन सिग्मा. सीपीके म्हणजे जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा. तो आला १.०. या स्थितीत ५० नग मोजले तर सगळे पास होण्याचीच शक्यता जास्त. पण दहा लाखांत साधारण १,३५० नग वरच्या मर्यादेबाहेर जातील. मघाचा पीपीएम आठवा. सरासरी पाच मायक्रॉन सरकण्याची किंमत एवढी आहे. उपाय मशीन विकण्याचा नाही, वेळच्या वेळी ऑफसेट (टूलच्या जागेत दुरुस्ती) देण्याचा आहे. तो केव्हा द्यायचा ते कंट्रोल चार्ट (वेळोवेळी घेतलेल्या मापांचा, मर्यादारेषा आखलेला आलेख) सांगतो. अमेरिकी अभियंते वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली एका पानात मांडलेली ही कल्पना आजही कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय आलेख कागदावर चालते.

वाहन उद्योगात नवा पार्ट मंजूर करून घेताना साधारणपणे १.६७च्या वर असेल तर स्वीकार, १.३३ ते १.६७ असेल तर ग्राहकाशी चर्चा, आणि त्याखाली असेल तर सुधारणा करा, असा दंडक असतो.

एक विनंती. आकडे टेबलावर बसून भरू नका. २५.००, २५.०१, २५.०० असे गुळगुळीत आकडे अनुभवी माणसाला दुरूनही ओळखू येतात. आणि एकदा ओळखले की तुमचा खरा रिपोर्टही खोटा वाटू लागतो.

आमच्या मापात पार्ट ओके, ग्राहकाच्या मापात रिजेक्ट. कोण बरोबर?

हा प्रश्न जितका वादाचा वाटतो तितकाच तो सोडवण्यासारखा आहे. तोच नग घेऊन तिकडे जा आणि दोघांनी मिळून मोजा. बहुतेक वेळा फरक तीनपैकी एका ठिकाणी सापडतो.

पहिलं ठिकाण, मोजायची जागा. तुम्ही मधोमध मोजता, ग्राहक कडेला, आणि पार्ट किंचित टेपर (एका टोकाला निमुळता) आहे.

दुसरं, तापमान. लांबीच्या मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. पोलादाचा १०० मिमीचा तुकडा ३५ अंशांना साधारण ०.०१७ मिमी लांब होतो, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मशीनवरून गरम उतरलेला नग लगेच मोजला आणि ग्राहकाने तोच वातानुकूलित खोलीत सीएमएमवर (तिन्ही मितींत मोजणाऱ्या यंत्रावर) मोजला, तर भांडण होणारच. नग निवू द्या. मास्टर आणि नग एकाच टेबलावर काही वेळ ठेवा.

तिसरं ठिकाण, मोजण्याची पद्धतच डळमळीत असणं. यासाठी गेज आर-अँड-आर करतात : दहा नग, तीन माणसं, प्रत्येकाने दोन-तीनदा मोजायचं, आधीचा आकडा न बघता. फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० म्हणजे कामाचं महत्त्व पाहून ठरवायचं, ३०च्या वर असेल तर ते उपकरण त्या मापासाठी बाद. ०.०४ टॉलरन्सला व्हर्निअर लावणारे आजही दिसतात. तिथे मायक्रोमीटर किंवा एअर गेज हवं.

प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट बाहेर करून घेतो. तिथे चूक झाली तर जबाबदार कोण?

ग्राहकापुढे तुम्ही. आतला हिशेब तुम्ही दोघांनी नंतर मिटवा. प्रत्येक चार्जबरोबर (एका वेळी प्रक्रियेला घातलेल्या मालाबरोबर) हार्डनेसचा रिपोर्ट मागा आणि चार्ज नंबर तुमच्या बॅच कार्डवर लिहा, नाहीतर दोष निघाल्यावर किती माल अडवायचा हेच कळत नाही. दोन चार्जचे नग एका क्रेटमध्ये मिसळू देऊ नका.

दोषाचा माल तयार झाला आहे, ग्राहकाला तातडीने हवा आहे. गुपचूप पाठवला तर चालेल का? बसतो तो असेंब्लीत.

नाही. बसत असेल तर डेव्हिएशन (मापात फरक असलेला माल देण्याची परवानगी) मागा : किती नग, कुठल्या मापात किती फरक, कुठल्या बॅचचे. ग्राहकाची लेखी परवानगी आली की क्रेटवर चिठ्ठी लावून पाठवा. मी अशा परवानग्या मागितल्या आहेत. काही मिळाल्या, काही नाकारल्या गेल्या. मागितल्या म्हणून एकही ऑर्डर गेली नाही. लपवून पाठवलेला माल उघड झाल्यावर मात्र नव्या पार्टच्या आरएफक्यू (दराची विचारणा) येणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. ब्रेक, स्टिअरिंग अशा सुरक्षेच्या भागांत तर हा प्रश्नच उद्भवू नये. त्या गाडीत कुणाचं तरी कुटुंब बसणार असतं.

ग्राहकच चुकीची डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) लावतो. काय करायचं?

रागाने मेल लिहू नका. परत आलेले नग मोजा, फोटो आणि मापं जोडा, एकत्र पडताळणीची तारीख मागा. हाताळणीत पडलेले डाग, दुसऱ्या व्हेंडरचे मिसळलेले नग, जुन्या ड्रॉइंग रिव्हिजनवर केलेली तपासणी, हे सगळं घडतं आणि पुराव्यावर पैसे परतही मिळतात. त्यासाठी नगावर तुमची ओळख-खूण आणि तारखेचा कोड हवा.

हेल्पर आणि ऑपरेटर सतत बदलतात. गुणवत्ता टिकवायची कशी?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. काही गोष्टी उपयोगी पडलेल्या पाहिल्या आहेत. मशीनवर मराठी आणि हिंदीत, फोटोंसह, एका पानाची सूचना. चांगला आणि वाईट असे दोन खरे नग तारेने बांधून समोर टांगलेले. नवा माणूस पहिला आठवडा ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या भागाच्या मशीनवर एकटा नाही. आणि दोष दाखवणाऱ्या हेल्परला बोलणी बसणार नाहीत याची मालकाने सर्वांसमोर दिलेली खात्री. बोलणी बसली, की पुढचा वाईट नग क्रेटच्या तळाशी जातो.

क्वालिटी सर्कल आता जुनं झालं का?

नाही. क्वालिटी सर्कल म्हणजे आपल्याच कामातल्या समस्या सोडवणारा कामगारांचा छोटा गट. भारतात १९८० साली हैदराबादच्या भेलमध्ये त्याची सुरुवात झाली आणि १९८२मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचं पुण्यातही केंद्र आहे. कामगार स्वतःच्या मशीनची समस्या निवडून, आकड्यांसह, भरल्या सभागृहात मांडतो तेव्हा त्याच्या आवाजात जो फरक पडतो, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. सर्कलमधून मालकाने फक्त बचतीचे रुपये मोजले, तर मात्र ते दोन वर्षांत बंद पडतं.

हे सगळं जपानमध्ये ठीक, आपल्याकडे जमतं का?

जमलं आहे. गुणवत्तेचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग यांनी जपानी अभियंत्यांना १९५० साली व्याख्यानं दिली, पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. तो १९९८मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला मिळाला आणि २००३मध्ये महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला. तो मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. तिथल्या मशीनवरही आपल्यातलीच माणसं होती.

सरकारी मदत काही मिळते का?

केंद्राची ‘झेड’ (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) योजना आहे. उद्यम नोंदणी असलेल्या कारखान्याला आधी प्रतिज्ञा, मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. २०२२च्या रचनेत प्रमाणनाच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत ठेवली आहे. अर्ज करण्याआधी योजनेच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहून घ्या. आयएसओच्या तयारीला ब्राँझची यादी चांगली उपयोगी पडते.

परत आलेला माल ठेवायचा कुठे?

लाल रंगाच्या, कुलूप असलेल्या पेटीत. चावी क्वालिटीकडे, प्रॉडक्शनकडे नाही. प्रत्येक क्रेटला चिठ्ठी : ग्राहक, पार्ट नंबर, नग, दोष, तारीख. आठवड्यातून एकदा, पाळी बदलायच्या वेळी, ही पेटी दोन्ही पाळ्यांसमोर उघडा आणि ज्यांनी ते नग बनवले त्यांच्याच हातात ते द्या. दहा मिनिटं पुरतात. पहिल्या वेळी कुणी काही बोलणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादा ऑपरेटर नग फिरवून पाहतो आणि म्हणतो, ‘साहेब, हे क्लॅम्पिंगमुळे होतंय.’ त्याचं म्हणणं तिथेच लिहून घ्या आणि त्याच्याबरोबर मशीनवर जा.